लस फ्रिजमध्ये आहे, पण जखम कोण धुणार?

प्रति,
दवाखाने, आरोग्य केंद्रे आणि रुग्णालये चालवणारे सर्व आरोग्य अधिकारी

सादर नमस्कार.

श्वानदंशाची माहिती मागितली की तुमच्या कार्यालयातून दोन आकडे येतात: किती जणांना कुत्रा चावला आणि लशीच्या किती कुप्या संपल्या. दोन्ही आकडे खरे असतात, पण रुग्ण सुरक्षित झाला की नाही हे त्यांच्यावरून कळत नाही. रेबीज अडवायचा असतो तो आधी जखमेत; दंडावरच्या लशीचा नंबर त्यानंतर लागतो. जखम धुतली का, किती वेळ धुतली, सीरम (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) जखमेत गेलं का, याचे रकाने मात्र नोंदवहीत नसतात, आणि असले तरी रिकामे असतात. हे पत्र त्या रकान्यांसाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने दगावतात. माणसाला होणाऱ्या रेबीजमागे ९९ टक्के वेळा कुत्राच असतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. एकदा लक्षणं दिसली की जवळपास कोणीच वाचत नाही. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस द्यायला सुरुवात केली, ती कुत्रा चावल्यानंतर. तत्त्व तेव्हाचंच आहे: विषाणू मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोहोचायच्या आत त्याला गाठायचं. आजची लस आणि सीरम त्या काळच्या औषधांपेक्षा कितीतरी चांगली आहेत. घोळ होतो तो ती वापरताना.

आधी नळाचं बघू. कुत्रा चावलेला माणूस आला की केसपेपर, रांग, डॉक्टर, इंजेक्शनची खोली, औषधाची खिडकी असा त्याचा फेरा होतो. या फेऱ्यात नळ कुठेच लागत नाही. ड्रेसिंग टेबलावर कापसाचा बोळा ओला करून जखम पुसली जाते आणि कागदावर ‘जखम स्वच्छ केली’ असं लिहिलं जातं. पुसणं म्हणजे धुणं नव्हे. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणून साध्या अंगाच्या साबणानेही काम होतं. पण साबण जखमेत पोहोचला पाहिजे आणि वाहत्या पाण्याने लाळ बाहेर निघाली पाहिजे. यासाठी १५ मिनिटं सांगितली आहेत. पंधरा मिनिटं किती मोठी असतात हे घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. अंदाजाने धुणारा माणूस दोन-तीन मिनिटांतच हात आखडता घेतो. म्हणून रांगेच्या सुरुवातीलाच एक बेसिन, कोपराने फिरवता येईल असा नळ, साबण, बसायला स्टूल आणि भिंतीवर घड्याळ हवं. केसपेपर नंतर काढता येतो. नातेवाईक सोबत असेल तर धुण्याचं काम त्याच्याकडून करून घ्या, हातमोजे तेवढे द्या.

घरून धुऊन आलोय असं रुग्णाने सांगितलं तरी पुन्हा धुवा. चावून दोन दिवस झाले असले तरीही धुवा. जखमेवर कुठली भुकटी, तेल, पाला किंवा चुना लावून आणला असेल तर तो आधी साबणपाण्याने काढावा लागतो. अशा गोष्टींनी ऊतक भाजतं आणि खाली लाळ तशीच राहते. जखम चोळायची नाही, ब्रशने घासायची नाही. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर साबण नको, नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचं. सगळं झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. ते धुण्याऐवजी चालत नाही, धुतल्यानंतर चालतं.

खोल, अरुंद दातांच्या खुणा हा वेगळा प्रश्न आहे. वरून एक ठिपका दिसतो आणि आत दोन सेंटीमीटर वाट असते. उघड्या, फाटलेल्या जखमेत २० मिलिलिटरच्या सिरिंजला कॅन्युला (बारीक प्लास्टिकची नळी) लावून सलाइनचा जोरदार झोत मारणं योग्य आहे. जखमेच्या दर सेंटीमीटर लांबीमागे ५० ते १०० मिलिलिटर हा साधा हिशेब. पण अशा अरुंद छिद्रात तोंड बंद करून जोराने पाणी ढकललं तर ते परत येत नाही, आजूबाजूच्या ऊतकात पसरतं आणि सोबत घाणही नेतं. तिथे कडा अलगद फाकवून पाणी वाहतं ठेवायचं.

आता सीरम. सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस जखमेतल्या विषाणूला अडवणारं दुसरं काही नसतं. सीरम, म्हणजे रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन, ती जागा भरून काढतं, पण जखमेत गेलं तरच. दंडात किंवा मांडीत दिलेलं सीरम रक्तात पातळ होतं आणि जखमेपाशी फारसं पोहोचत नाही. तरीही ‘सीरम दिलं’ म्हणून नोंद झालेल्या कितीतरी रुग्णांच्या जखमेला सुईच लागलेली नसते.

कोणाला द्यायचं, तर तिसऱ्या श्रेणीतल्या सर्वांना: त्वचा भेदून गेलेला चावा किंवा ओरखडा, म्हणजे एक थेंब का होईना रक्त आलेलं; फाटलेल्या त्वचेवर चाटणं; डोळा, नाक, तोंड यांच्या आतल्या त्वचेला लाळ लागणं. रक्त न येता वरवरचं खरचटलं किंवा कपड्याने न झाकलेल्या त्वचेला बारीक चावा लागला तर दुसरी श्रेणी, फक्त लस. न फाटलेल्या त्वचेवर नुसतं चाटलं किंवा कुत्र्याला हात लावला तर पहिली श्रेणी, लशीची गरज नाही. सीरम संपत आलं की तिसरी श्रेणी हळूच दुसरी होते, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना मात्र दुसऱ्या श्रेणीतही सीरम लागतं. ज्यांनी आधी लशीचा पूर्ण कोर्स केला आहे आणि त्याची नोंद आहे, त्यांना सीरम नको. लशीचे दोन दिवस, ० (पहिल्या डोसचा दिवस) आणि ३, पुरतात.

मात्रा वजनावर: मानवी सीरम किलोमागे २० युनिट, घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं ४० युनिट. बारा किलोचं मूल घ्या, चेहऱ्यावर तीन जखमा. मानवी सीरम २४० युनिट, म्हणजे मिलिलिटरमध्ये १५० युनिट असलेल्या कुपीतून १.६ मिलिलिटर. घोड्याचं असेल तर ४८० युनिट. कुपी ३०० युनिटवाली असेल तर तेवढंच १.६ मिलिलिटर, २०० युनिटवाली असेल तर २.४. कुपीवरची तीव्रता न वाचता ‘नेहमीएवढं’ भरणारे हात प्रत्येक ठिकाणी सापडतील. ही मात्रा कमाल आहे. ती ओलांडली तर लशीचाच परिणाम दबू शकतो. मग तीन जखमांना १.६ मिलिलिटर पुरेना तर? सलाइनने दुप्पट-तिप्पट करा. युनिट तेवढेच राहतात, आकारमान वाढतं आणि सगळ्या जखमांना वाटून देता येतं. सर्वांत मोठी जखम गाठून बाकीच्या सोडून देणं ही घातक काटकसर आहे. विषाणू बारीक ओरखड्यातूनही जातो.

सुई बारीक घ्यावी, जखमेच्या कडेने आत, तळापर्यंत न्यावी आणि बाहेर काढता काढता औषध सोडत यावं. कमीत कमी टोचण्यांत चारही बाजू आणि तळ भरला पाहिजे. बोटाच्या टोकावर, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या पाळीवर जागाच नसते. तिथे दाबून भरलं तर रक्तपुरवठा अडकतो. बोट पांढरं पडू लागलं की थांबा. मुलाच्या चेहऱ्यावर चार जणांनी धरून टोचण्यापेक्षा भूल देऊन शांतपणे भरणं केव्हाही चांगलं, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं तर पहिली लस देऊन पाठवा.

उलट प्रसंगही येतो. साठ किलोचा माणूस, तर्जनीला एक दात लागलेला. हिशेबाने मानवी सीरम ८ मिलिलिटर, बोटात मावतं जेमतेम अर्धा मिलिलिटर. उरलेलं मांडीत द्यायची जुनी पद्धत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून ती गरजेची नाही असं स्पष्ट केलं आहे: जखमेत मावेल तेवढं द्या, उरलेलं निर्जंतुक पद्धतीने वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरून दुसऱ्या रुग्णांना वापरा. हा एक बदल अंमलात आणला तर सीरमच्या टंचाईची बरीचशी तक्रार मिटेल. लेखापरीक्षक ‘एका रुग्णाला एक कुपी’ असा हिशेब मागत असतील तर नियम तुम्हीच बदलायचा आहे. इंजेक्शनच्या खोलीतल्या परिचारिकेच्या हातात ते नाही.

सीरम पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लशीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांपर्यंत देता येतं, त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात. ही मुदत चावल्याच्या दिवसापासून मोजायची नाही. महिन्यापूर्वी चावा घेतला आणि आज पहिल्यांदा दारात आला, अशा माणसाला ‘उशीर झाला’ म्हणून परत पाठवणं ही सरळ चूक आहे. रेबीजचा अधिशयन काळ, म्हणजे चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, बहुधा दोन ते तीन महिने असतो, कधी आठवड्याहून कमी, तर कधी वर्षाहून जास्त. तो माणूस आजच चावून घेऊन आला आहे असं समजून सगळे उपचार करा.

घोड्याच्या सीरमची रिॲक्शन येईल या भीतीने कित्येक ठिकाणी ते दिलंच जात नाही, किंवा त्वचेवर चाचणी करून ती ‘पॉझिटिव्ह’ म्हणून टाळलं जातं. या चाचणीवरून पुढे काय होईल ते कळत नाही, त्यामुळे तिची शिफारस आता होत नाही. त्यापेक्षा ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन, म्हणजे तीव्र रिॲक्शनवरचं औषध, भरायला तयार ठेवा: १:१००० तीव्रतेचं, प्रौढांना ०.५ मिलिलिटर, मुलांना किलोमागे ०.०१ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. आणि रुग्णाला तासभर बसवून ठेवा.

लशीबद्दल त्या मानाने कमी. त्वचेत द्यायच्या पद्धतीत दोन जागी ०.१ मिलिलिटर, दिवस ०, ३ आणि ७; स्नायूत द्यायच्या पद्धतीत पूर्ण कुपी, ०, ३, ७ आणि १४ ते २८ च्या दरम्यान चौथी. काही देशांच्या वेळापत्रकात २८ वा दिवस अजून आहे. तुमच्याकडे जे लागू असेल ते एकच भिंतीवर लावा, दोन नकोत. लस ढुंगणावर कधीच देऊ नये. चरबीत जाते आणि प्रतिसाद कमी येतो. दंड, किंवा लहान मुलांत मांडीची पुढची-बाहेरची बाजू. सीरम आणि लस एका सिरिंजमध्ये नाहीत, एका जागीही नाहीत. गर्भवती आणि स्तनदा मातांना दोन्ही देता येतात.

त्वचेतल्या लशीत फसवणारी गोष्ट एकच: फोड. सुई जवळजवळ आडवी धरून वरच्या थरात दिली तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, पांढुरका फुगवटा येतो. तो आला नाही म्हणजे औषध खाली चरबीत गेलं. शेजारी पुन्हा द्यावं लागतं. दुसरी गोम इन्शुलिनच्या सिरिंजची. १०० युनिटच्या सिरिंजवर ०.१ मिलिलिटर म्हणजे १० रेघा, ४० युनिटच्या सिरिंजवर ४. पुरवठ्यात सिरिंज बदलली आणि कोणी सांगितलं नाही, तर ‘दहा रेघा’ पाठ असलेला हात अडीच पट लस देतो, आणि ‘चार’ पाठ असलेला अर्ध्याहूनही कमी. एका वेळी एकाच प्रकारची सिरिंज मागवा. उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसवर ठेवून ६ ते ८ तासांत संपवायची. म्हणून तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचे रुग्ण शक्यतो एकाच वेळेला बोलवा. पण एकटा रुग्ण आला म्हणून ‘कुपी फुकट जाईल, उद्या या’ म्हणू नका.

तारखांचंही तसंच. ‘शून्यावा दिवस’ हा शब्द रुग्णाला कळत नाही आणि कधीकधी आपल्यालाही. पहिला डोस ज्या दिवशी घेतला तो ०. दहा तारखेला घेतला तर पुढचे तेरा आणि सतरा. ‘तिसऱ्या दिवशी या’ म्हटलं की माणूस बाराला येतो. कार्डावर दिवसाचा आकडा लिहूच नका, तारीख आणि वार लिहा. त्या वारी सुट्टी असेल तरी इंजेक्शनची खोली उघडी हवी. डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही, जिथे थांबला तिथून पुढे न्यायचं. ‘तुम्ही उशिरा आलात, आता सगळं परत’ हे ऐकून माणूस पुन्हा येत नाही.

रेबीजच्या धास्तीत जखम ही जखमही आहे हे विसरलं जातं. कुत्र्याचा जबडा नुसतं टोचत नाही, चिरडतो. हाताला चावलं असेल तर हात ज्या स्थितीत होता त्या स्थितीत बोटं वाकवून स्नायुबंध तपासा. तान्ह्या बाळाच्या डोक्याला चावलं असेल तर केसांतली बारीक खूण कवटीला भोक पाडून गेलेली असू शकते. एक्स-रे किंवा स्कॅन केल्याशिवाय घरी पाठवू नका. बारा ते चोवीस तासांत भराभर सूज, लाली, ठणका वाढला तर कुत्र्याच्या तोंडातला पाश्चुरेला जंतू डोळ्यांसमोर आणा. त्यावर सेफालेक्सिन किंवा एरिथ्रोमायसिन एकटं भरवशाचं नाही, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट द्यावं लागतं. हात, चेहरा, सांध्याजवळची, खोल किंवा चिरडलेली जखम असेल तर ते संसर्गाची वाट न पाहता ३ ते ५ दिवस द्या. प्लीहा काढलेल्या, यकृत खराब झालेल्या किंवा खूप दारू पिणाऱ्या माणसाला वेगळ्या रांगेत धरा: कॅप्नोसायटोफेगा नावाचा जंतू जखम साधी दिसत असतानाच रक्तात पसरतो. धनुर्वाताची लस सगळ्यांनाच आठवते, ते बरं आहे.

टाके शक्यतो नकोत. चेहऱ्याची जखम उघडी ठेवता येत नसेल तर आधी सीरम, मग काही तास थांबून सैल टाके. सीरम न देता घट्ट शिवलेला गाल नीट दिसतो, आणि आत लाळ बंद झालेली असते. शस्त्रक्रिया विभागाला हे लेखी कळवा. तिथे सौंदर्याचा विचार आधी होतो, आणि तो चूक नाही, फक्त क्रम चुकतो.

‘कुत्रा घरचा आहे’, ‘त्याला लस दिली आहे’, ‘मुलानेच खोडी काढली’ ही वाक्यं उपचार थांबवण्याची कारणं नाहीत. बरेच चावे ओळखीच्या कुत्र्यांचेच असतात. कुत्रा किंवा मांजर असेल आणि डांबून ठेवता येत असेल तर १० दिवस नजर ठेवा, तोवर लस चालू ठेवा. दहाव्या दिवशी जनावर ठणठणीत असेल तर उरलेले डोस थांबवता येतात. आठवड्याच्या वेळापत्रकात दहाव्या दिवसापर्यंत डोस संपलेलेच असतात, त्यामुळे थांबवायला काही उरत नाही. तरी नजर ठेवायचीच, कारण त्याच कुत्र्याने आणखी कोणाला चावलेलं असू शकतं. म्हणून नोंदवहीत कुत्र्यालाही रकाना हवा: रंग, जागा, पाळीव की मोकाट, आज कुठे आहे. एकाच दिवशी एकाच गल्लीतले तीन रुग्ण आले तर संध्याकाळपर्यंत पशुवैद्यकीय विभागाला फोन गेला पाहिजे. जनावर मेलं तर डोकं बर्फात पाठवा, फॉर्मालिनमध्ये नव्हे. रेबीज ओळखणाऱ्या फ्लुओरोसंट प्रतिपिंड चाचणीला ताजा मेंदू लागतो.

कुत्री मारून रेबीज आटोक्यात येत नाही. निदान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की साखळी तुटते. ते काम दुसऱ्या खात्याचं आहे, आणि त्या खात्याला तुमच्या नोंदवहीतले पत्ते मिळत नाहीत. ते दरमहा द्या.

मागण्या फार नाहीत. दारात नळ आणि घड्याळ. सीरम वाटून वापरायची लेखी परवानगी. मासिक अहवालात तीन नवे रकाने: १५ मिनिटं धुतलेले रुग्ण, तिसऱ्या श्रेणीतले रुग्ण, आणि त्यांपैकी ज्यांच्या जखमेत सीरम गेलं ते. नव्या अहवालाची वाट पाहायची गरज नाही. मागच्या महिन्याचे केसपेपर काढून शेवटच्या दोन रकान्यांतला फरक मोजा आणि तो आकडा आम्हाला कळवा.

आपले,
श्वानदंशाच्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका